गाणं शिकवणाऱ्यांची एकी

जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, निमगाव सावा, साकोरी, मंगरूळ, पारगाव या बाजूला, अखंड हरिनाम सप्ताहाचा फलक लागला की कीर्तनकारांच्या नावांखाली दोन मथळे हमखास असतात: गायनाचार्य आणि मृदंगाचार्य. त्याखाली पंचक्रोशीतल्या गायक-वादकांची नावं. सात दिवस पहाटेचा काकडा, दुपारचं भजन, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, मग जागर. हा सगळा डोलारा ज्यांच्या गळ्यावर आणि हातावर उभा असतो, त्यांना गाणं आणि वाजवणं शिकवलं कोणी? त्या शिक्षकाचं नाव फलकावर कुठेच नसतं.

संगीताच्या बाबतीत हा भाग मुळीच कोरडा नाही. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची. शेजारचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि आज राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. भजन, कीर्तन, तमाशा, यात्रेतली भारुडं असा कानावर पडणाऱ्या संगीताचा इतका साठा शहरातल्या मुलाला स्वप्नातही मिळत नाही. कमी पडतं ते पद्धतशीर शिकवणं. जे शिकवतात ते एकेकटे आहेत, आणि हा लेख त्यांच्याविषयी आहे.

खेड्यातल्या संगीत शिक्षकाचा आठवडा साधारण असा जातो. सोमवारी एका गावच्या मंदिरात, मंगळवारी दुसऱ्या गावच्या शाळेच्या वर्गात, बुधवारी तिसरीकडे. दुचाकीला मागे तबल्याची जोडी बांधलेली. पेटी प्रत्येक ठिकाणची वेगळी, एखादीचा भाता फुटलेला, एखादीचा सूर उतरलेला. ऊस तोडणी, कांदा काढणी, दहावीची परीक्षा यांत मुलं गळतात. फी कधी मिळते, कधी पुढच्या महिन्यावर जाते. अडलं तर विचारायला जवळपास दुसरा शिक्षक नाही, आणि असला तर तो विद्यार्थी पळवील अशी मनात धास्ती. या पेशाचं सगळ्यात मोठं दुखणं मला हे एकटेपण वाटतं. पैशांची चणचण त्याच्यानंतर येते.

हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचा उपाय महाराष्ट्रातल्याच माणसांनी शोधून ठेवला आहे.

कुरुंदवाडला 18 ऑगस्ट 1872 रोजी जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी गमावून बसले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. त्या काळात गवयाला दरबारात दाद मिळे, पण पंगतीत मान मिळत नसे. ही अवहेलना विष्णु दिगंबरांच्या मनाला लागली. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. राजाच्या आश्रयावर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर चालणारी ही शाळा होती. तिच्यात ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, वेळापत्रक आणि परीक्षा होत्या. 1908 साली मुंबईला दुसरं विद्यालय निघालं.

त्यांच्या कामातला मला सगळ्यात दूरदृष्टीचा वाटणारा भाग म्हणजे उपदेशक वर्ग. यातल्या मुलांना ते राहायला जागा, जेवण आणि विद्या फुकट देत. त्या बदल्यात कित्येक वर्षं शिकण्याचा करार करून घेत आणि पुढे शिकवण्याचं काम त्यांच्याकडून अपेक्षित असे. दरबारी गवय्ये घडवायचे तर हा खटाटोप लागलाच नसता. त्यांना गावोगाव जाऊन बसणारे, स्वच्छ वागणारे, चार लोकांत ताठ मानेने उभे राहणारे शिक्षक हवे होते. पुढे विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मोठी नावं याच परंपरेतून आली. पण ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत अशा शेकडो शिक्षकांनी लहान शहरांत वर्ग काढले, हे त्या वर्गाचं खरं फळ.

मुंबईतल्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. विष्णु दिगंबर नाशिकला गेले, रामनामात रमले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला वारले. गुरू गेला, इमारत गेली, आता शिष्यांनी आपापल्या वाटेने जावं, अशीच सगळी लक्षणं होती. पण त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला एकत्र आले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आजचं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ते हेच. लोक त्याला परीक्षा घेणारी संस्था म्हणून ओळखतात. मुळात मात्र ते शिकवणाऱ्यांनी शिकवणाऱ्यांसाठी बांधलेलं संघटन होतं. वेगवेगळ्या गावी वर्ग चालवणाऱ्या गुरुबंधूंनी ठरवलं की आपण एकच अभ्यासक्रम शिकवू, एकमेकांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊ आणि वर्षाकाठी भेटत राहू.

एकमेकांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणं ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. घराण्यांच्या काळात गुरू आपलाच शिष्य आपल्याच कानाने पारखत असे आणि चीज दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून जपत असे. इथे बाहेरगावचा शिक्षक येऊन समोर बसतो, मुलाला सूर लावायला सांगतो, ताल हातावर धरायला लावतो. परीक्षा मुलाची असते, पण कस शिक्षकाचाही लागतो. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी ही शिडी आहे. प्रारंभिक सोडली तर प्रत्येक पायरीचे प्रथम आणि पूर्ण असे दोन टप्पे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर, परीक्षा होतात. 1947 पासून मंडळाचं ‘संगीत कला विहार’ हे मासिक निघू लागलं आणि एका गावच्या शिक्षकाचा विचार दुसऱ्या गावच्या शिक्षकापर्यंत जाऊ लागला.

विनायकबुवा पटवर्धनांचं उदाहरण तर प्रत्येक संगीत शिक्षकाने डोळ्यांसमोर ठेवावं असं. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ते नट होते, नाव होतं, पैसा होता. ते सोडून 8 मे 1932 रोजी त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि पुढचं आयुष्य शिकवण्यात घातलं. ‘राग विज्ञान’चे सात भाग लिहिले. रंगमंचावरून वर्गात जाणं म्हणजे खाली उतरणं, असं त्यांना वाटलं नाही.

पुण्यात त्याआधीही धडपड झाली होती. 1874 साली पूना गायन समाज स्थापन झाला होता. 1911 साली भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला, तो आजही चालू आहे. तिकडे विष्णु नारायण भातखंडे या मुंबईच्या वकिलाने गावोगाव फिरून घराण्यांच्या चिजा गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग मराठीत छापले. 1916 साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवून त्यांनी गुणी लोकांना एका मांडवाखाली आणलं.

जगातही याच सुमाराला संगीत शिक्षक एकत्र येत होते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेलावेअर गावी 1876 साली थिओडोर प्रेसर यांच्या पुढाकाराने संगीत शिक्षकांची राष्ट्रीय संघटना सुरू झाली. ती आजही जिवंत आहे, आणि तिचा प्राण राष्ट्रीय कार्यालयात नसून गावोगावच्या छोट्या शाखांत आहे. अशा शाखेत शिक्षक ठरलेल्या दिवशी भेटतात, एखादा नवं पुस्तक उलगडून दाखवतो, सगळ्यांचे विद्यार्थी एका व्यासपीठावर वाजवतात, गरजू मुलासाठी शिष्यवृत्ती काढली जाते, नव्या पालकाला जवळचा शिक्षक सुचवला जातो. यात खर्चिक किंवा अवघड काहीच नाही.

मग जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या शिक्षकांनी एकत्र येऊन नेमकं करायचं काय? मला सुचणाऱ्या कामांत पहिलं स्वरलिपीचं. पलुस्कर लिपीत स्वरावर टिंब दिलं की तो मंद्र सप्तकातला, भातखंडे लिपीत तेच टिंब वर असलं की स्वर तार सप्तकातला. पलुस्करांकडे तार स्वराला उभी रेघ, तर भातखंड्यांकडे तशीच उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र. एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या मुलाने जुनी वही उघडली तर खालचा षड्ज वर जाईल आणि वरचा खाली. बाजारात आज बरीचशी पुस्तकं भातखंडे लिपीत आहेत. तालुक्यातल्या शिक्षकांनी एका दुपारी बसून दोन्ही लिप्या एकमेकांना समजावल्या आणि वर्गात कोणती वापरायची ते ठरवलं, तरी मुलांची कितीतरी वर्षं वाचतील.

दुसरं काम पट्टीचं. भजनात चढ्या पट्टीला मान आहे. काळी चार, काळी पाच लावून टाळकऱ्यांच्या वरताण गाणारा गळा तो खरा गळा, अशी समजूत घट्ट आहे. मोठ्या माणसाचा कमावलेला आवाज ते झेपवतो. पण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो, तेव्हा त्याला त्याच पट्टीत ओरडायला लावलं तर गळा कायमचा बसू शकतो. त्या दोन-तीन वर्षांत पट्टी खाली घ्यावी, खर्जाचा रियाज द्यावा, नाहीतर मुलाला तात्पुरता तबल्यावर किंवा पेटीवर बसवावं. ही गोष्ट एकट्या शिक्षकाने सांगितली तर भजनी मंडळ ऐकणार नाही. तालुक्यातले सगळे शिक्षक एका सुरात म्हणाले तर ऐकेल.

आणि भजनाशी, तमाशाशी शास्त्रीय संगीताच्या शिक्षकाने नातं जोडायलाच हवं. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी 1917 साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे, तिथे चार वर्षं शिकून आलेली मुलं या भागात कीर्तनं करतात. पखवाजाच्या धुमेला कणीक लावून तो बोलका करणारा मृदंगाचार्य आणि परीक्षेसाठी तबल्याचे कायदे घोटून घेणारा शिक्षक एकाच गावात राहतात, पण एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत. भजनी ठेक्यावर मांड असलेल्या मुलाला केरवा निराळा शिकवावा लागत नाही. भूप रागातला अभंग दहा वर्षं म्हणणाऱ्या मुलीला भूपाचे आरोह-अवरोह समजायला एक दिवस पुरतो. फडातल्या ढोलकीवाल्याला एकदा वर्गात सन्मानाने बोलवा, मुलं लयीविषयी पुस्तकापेक्षा जास्त शिकतील. विष्णु दिगंबरांच्या काळी संगीताला प्रतिष्ठा मिळवून देताना तमाशाला दाराबाहेर ठेवलं गेलं. आज आपण ते दार उघडायला हवं, असं मी ठामपणे म्हणते.

शाळांचा प्रश्न मात्र शिक्षकांच्या हातात पूर्ण नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असला पाहिजे. खेड्यातल्या बहुतेक शाळांचा पट तिथवर पोचत नाही. तरीही प्रार्थना, राष्ट्रगीत आणि 2023 पासून राज्यगीत तर सगळीकडे म्हटलं जातं. ते सुरात म्हटलं जावं, यासाठी आठवड्यातून एक तास संगीत शिक्षकाला ग्रामपंचायतीने मानधन देऊन शाळेत पाठवणं परवडणारं आहे. दहावीला शास्त्रीय आणि लोककलेसाठी वाढीव गुण मिळतात, हे पालकांना ठाऊक झालं की वर्गात गर्दीही वाढते. गुणांसाठी आलेल्या मुलाला हिणवू नये. त्याला गाण्याची गोडी लागली तर तो गुण मिळाल्यावरही येत राहील. गर्दीच्या नादात प्रमाणपत्रं वाटायचा मोह मात्र संघटनेने टाळायला हवा. बेसूर मुलाला पास करणारा शिक्षक सगळ्याच शिक्षकांची पत घालवतो.

वाद्यांच्या बाबतीतही एकी कामाला येते. तबल्याची पुडी फुटली की एकेकट्याला पुण्याची वाट धरावी लागते. सगळ्यांची वाद्यं एकत्र करून कारागिरालाच तालुक्याला बोलावलं तर तोही आनंदाने येईल. मिरजेच्या शिकलगार कारागिरांचे तंबोरे मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून घडतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. प्रत्येक वर्गाला असा तंबोरा घेणं शक्य नाही, पण संघटनेचा एक तंबोरा सगळ्या वर्गांत फिरू शकतो. मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर शिकलेल्या मुलाने आयुष्यात एकदा तरी खऱ्या जोडाच्या तारांशेजारी बसून षड्ज लावावा.

कायद्याने अशी संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाची संख्येची अट तेवढीच आहे आणि अर्ज पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात करता येतो. निमगाव सावा ते मंचर या पट्ट्यात गाणं, तबला, पेटी, पखवाज, बासरी शिकवणारी सात माणसं नक्की आहेत. नोंदणी पुढे होईल. येत्या 21 ऑगस्टला, पलुस्करांच्या पुण्यतिथीला, त्यांच्यापैकी एकाने आळेफाट्याच्या आसपासचं एखादं मंदिर किंवा शाळा ठरवावी, बाकीच्यांना फोन करावा आणि प्रत्येकाने आपला एक विद्यार्थी सोबत आणावा. ज्या गावकऱ्यांच्या ओळखीत असे शिक्षक आहेत, त्यांनी हा अंक त्यांच्या हाती द्यावा.