देवीचा पाचोळा

पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला, वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, शिरकोली आहे. तिथल्या शिरकाईच्या देवराईत पावसाळ्याच्या शेवटी पाय ठेवला की तो दबतो, आवाज होत नाही. खाली बसून पाचोळा उलगडत गेलो. वरचं पान अख्खं. त्याखालच्याच्या नुसत्या शिरा उरलेल्या. त्याखाली पानाला पान टाचून ठेवावं तसे पांढरे, ओलसर दोरे, आणि मग काळी, भुसभुशीत माती. हे दोरे बुरशीचे. कुत्र्याची छत्री म्हणून आपण ओळखतो ते तिचं फळ. संसार सगळा इथे, खाली. लाकडाचा कठीण भाग पचवणं बुरशीइतकं कुणालाच जमत नाही.

दुसरी बुरशी मुळांत राहते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ मध्ये या सोबतीला मायकोरायझा हे नाव दिलं. घाटमाथ्याच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरस घट्ट धरून बसतात. या बुरशीचे केसाहून बारीक तंतू मुळांच्या पलीकडे पसरून तो झाडाला आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात.

राईतलं वाळकं पानही घरी न्यायचं नाही, हा जुना दंडक. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या, तेव्हा असे दंडक अभ्यासाच्या नोंदींत आले. झाडं देवीची म्हणून राखली, हे आपण सगळेच सांगतो. मला वाटतं, पाचोळा देवीचा मानला हे त्याहून मोठं काम झालं.

राईबाहेर उघडा मुरूम, खुरटं गवत, करवंदं. पाऊस तोच, खडकही तोच. भोर-वेल्ह्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. ऐनाच्या फांद्या, गवत, पाचोळा त्यात जातो. तण मरतं, रोप जोमानं येतं, त्यामुळे शेतकऱ्याला दोष देववत नाही. पण फाल्गुन-चैत्रात कुणीतरी गवतासाठी काडी लावतं आणि सबंध डोंगर धुमसतो, तेव्हा वर्षाचा पाचोळा एका दुपारी जातो. मग पहिल्याच वळवाला उघडी माती ओढ्याला लागते.

अशा जमिनीत जूनमध्ये खड्डे घेऊन रोपं लावतात. उन्हाळ्यात ती वाळली की पाणी कमी पडलं म्हणतात. पाणी कमी पडतंच, पण ते धरणारी मातीही उरलेली नसते. म्हणून आधी वणवा अडवणारे जाळपट्टे काढावेत, दोन-चार वर्षं चराई थांबवावी, पडलेलं पान पडू द्यावं. मुळांतली ती बुरशी यावी म्हणून रोपवाटिकेच्या पिशवीत जवळच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळावी. ती राईतून मात्र उकरू नये. आणि सफाईच्या नावाखाली करवंदाची जाळी तोडू नये, हे तर हात जोडून सांगावंसं वाटतं.

परतताना उघड्या उतारावरच्या अशाच एका जाळीत हात घातला. काटे लागले. आत वाऱ्यानं आणलेली पानं बोटभर साचलेली, खालची ओली, त्यांच्यात तोच पांढरा दोरा. आणि मधोमध, गुरांच्या तोंडाला न लागलेलं, वीतभर जांभळाचं रोप.