ग्वाल्हेरात हिशेबाची पहिली नोकरी

बारावीनंतर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मुलांची सरळ वाट म्हणजे बी.कॉम. महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय, म्हणजे जुने व्हिक्टोरिया कॉलेज, 1964 साली स्थापन झालेल्या जिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. मध्य प्रदेशात 2021पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यामुळे पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. घरची ओढाताण असलेल्यांना ही सोय मोलाची आहे. पण जमेल त्याने पदवी पुरी करावीच.

पदवीचा खरा उपयोग गावातच दिसतो. मध्य प्रदेशच्या महालेखाकारांचे कार्यालय ग्वाल्हेरात आहे. लेखापरीक्षा खात्यातली ऑडिटर, अकाउंटंट ही पदे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून भरतात आणि त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते.

दालबाजारातल्या पेढीवर मात्र पदवीआधी हात पाहतात. टॅली यायला हवे, बँकेचा उतारा रोकडवहीशी जुळवता यायला हवा. टीडीएसचा भरणा साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, मासिक जीएसटीआर-1 11पर्यंत, 3बी 20पर्यंत, हे तोंडपाठ लागते. ताळा 90 रुपयांनी चुकला, तर जुना मुनीम आधी 9ने भागून बघतो. भाग गेला, की 5,670 च्या जागी 5,760 अशी अंकांची अदलाबदल शोधायची. हे नुसते पुस्तक वाचून अंगवळणी पडत नाही. म्हणून सुट्टीत एखाद्या सनदी लेखापालाकडे बिनपगारी का होईना, बसावे.