चंद्रपूर ते पडघे : विजेचे परिवर्तन आणि नियंत्रण

कोळसा विदर्भात आणि विजेची मोठी मागणी मुंबई-ठाणे परिसरात, ही राज्याच्या वीजव्यवस्थेतील जुनी अडचण होय. चंद्रपूरची औष्णिक वीज ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत आणण्यासाठी १९९९ मध्ये सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी कार्यान्वित झाली. अधिक व उणे ५०० किलोव्होल्ट दाबाच्या तिच्या दोन ध्रुवांची एकत्रित क्षमता १५०० मेगावॉट आहे. एवढ्या अंतरावर एकदिश प्रवाहाची गळती कमी असते. मात्र वीजनिर्मिती आणि वापर दोन्ही प्रत्यावर्ती प्रवाहाचे. म्हणून चंद्रपूरला एकदा आणि पडघ्याला पुन्हा एकदा विजेचे रूपांतर करावे लागते.

हे काम थायरिस्टर नावाच्या अर्धसंवाहक झडपा करतात. एका थायरिस्टरला काही हजार व्होल्टच पेलतात, त्यामुळे अनेक थायरिस्टर एकापुढे एक जोडून एक झडप बनते आणि त्या सर्वांना एकाच क्षणी संकेत द्यावा लागतो. संकेत किंचित उशिरा दिला की एकदिश दाब घटतो. सारे नियंत्रण या उशिरावर चालते.

कालव्याचे दार हवे तेव्हा उघडता येते, तसेच बंदही करता येते. थायरिस्टरचे तसे नाही. संकेताने तो उघडतो. बंद होतो तो त्यातील प्रवाह शून्यावर आल्यावरच, आणि त्यानंतर सावरण्यास त्याला थोडा अवधी लागतो. खरी कसोटी म्हणूनच पडघ्याच्या टोकाला असते. अशा परिवर्तकांत हा अवधी साधारणपणे १८ अंशांचा, म्हणजे सेकंदाचा एक हजारावा भाग राखतात. जवळच्या प्रत्यावर्ती जाळ्यात बिघाड होऊन दाब अचानक खाली आला, तर तेवढाही अवधी उरत नाही. झडप बंद होण्याऐवजी वाहतच राहते आणि पलीकडे जाणारी वीज क्षणभर खंडित होते. अशा वेळी पडघ्याचे नियंत्रण पुढचा संकेत लवकर देते, तर चंद्रपूरचे नियंत्रण प्रवाह आवरते. जाळे सावरताच प्रवाह पुन्हा वाढविला जातो.

मग अवधीच अधिक का ठेवू नये? तसे केल्यास परिवर्तक जाळ्यातून अधिक प्रतिघाती शक्ती ओढतो. एरवीही ही ओढ वाहून नेलेल्या विजेच्या जवळजवळ निम्मी असते आणि ती भागविण्यासाठी उपकेंद्रात मोठी धारित्रे बसवावी लागतात. एक ध्रुव बंद पडला, तरी दुसऱ्यावरून निम्मी वीज चालू ठेवता येते.