पथ्य दोघांचे, काटा ज्याचा त्याचा
इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत सकाळी पोहे-जिलबी आणि दोन्ही वेळां पोळी-भात असतो. अशा घरी एकट्याने पिष्टमय पदार्थ कमी करावयाचे म्हणजे स्वयंपाक दोनदा करणे आले. म्हणून पतिपत्नींनी हे पथ्य एकत्र आरंभणे सोयीचे ठरते. भाताऐवजी भाकरी घेतली की झाले, हा मात्र भ्रम होय. ज्वारीतही सुमारे 70 टक्के पिष्टमय द्रव्य असते. भात-भाकरी दोन्ही कमी करून ती जागा पालेभाज्या, पनीर, अंडी यांना द्यावी लागते.

पहिल्या आठवड्यात पुष्कळदा पतीचे वजन झपाट्याने उतरते. पत्नीचे तितके उतरत नाही आणि ती निराश होते. वस्तुतः यकृतात व स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा सरला की ते पाणीही जाते. पुरुषाचे स्नायू सामान्यतः अधिक, म्हणून हा साठाही अधिक. आरंभीची घट बहुतांशी पाण्याची असते, चरबीची नव्हे.

दोघांपैकी कोणी मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्यावाचून आहार बदलू नये. एरवी रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.