ऑर्गन की पियानो? चर्चच्या संगीतातले काही पक्के गैरसमज

ऑर्गन हे मूळचंच देवाच्या सेवेतलं वाद्य आणि पियानो हे मैफलीतून चर्चमध्ये शिरलेलं, अशी समजूत अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ठाम बसलेली आहे. नवं वाद्य घ्यायचं ठरलं की याच समजुतीवर वाद सुरू होतो. तिचा पहिला अर्धा भाग तर सरळच चुकीचा आहे.

ऑर्गन चर्चपेक्षाच नव्हे, तर ख्रिस्ती धर्मापेक्षाही जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओस या यंत्रतज्ज्ञाने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला. रोमन लोकांनी तो उचलला तो करमणुकीसाठी. लिबियातल्या झ्लितन इथे सापडलेल्या मोझेक चित्रात ग्लॅडिएटरांच्या झुंजीशेजारी ऑर्गन वाजतो आहे. बुडापेस्टजवळच्या अक्विंकुममध्ये इ.स. २२८ सालच्या एका ऑर्गनचे अवशेष मिळाले. त्यावरच्या पाटीनुसार तो एका कारागीर संघाला भेट मिळाला होता, त्याचा प्रार्थनेशी काही संबंध नव्हता. ७५७ मध्ये बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन पाठवला, तोही राजाला शोभेल असा नजराणा म्हणून. पश्चिम युरोपातल्या मठांत आणि चर्चमध्ये हे वाद्य रुळलं ते त्यानंतर, हळूहळू.

रुळलं तेही सगळीकडे नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी उपासना वाद्यांशिवाय, केवळ मानवी कंठातून होते. रोममधल्या सिस्टिन चॅपलच्या गायकवृंदाची परंपराही वाद्याविना गाण्याचीच. धर्मसुधारणेच्या काळात झुरिचमध्ये तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने उपासनेतलं संगीतच बंद केलं. तो स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा उत्तम संगीतकार होता, हे लक्षात घेतलं की त्या निर्णयाचं वजन कळतं. १५२७ मध्ये तिथल्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन मोडण्यात आला आणि पुन्हा ऑर्गन यायला जवळजवळ साडेतीनशे वर्षं गेली. इंग्लंडमध्ये १६४४ साली पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो त्या वाद्यालाही ‘हे देवाच्या घरात नको’ हे ऐकावं लागलेलं आहे.

पियानोच्या वाट्याला हेच वाक्य १९०३ मध्ये आलं. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी चर्चसंगीताविषयी जो आदेश काढला, त्यात ढोल, झांजा अशा वाद्यांबरोबर पियानोलाही चर्चमध्ये मनाई केली. ‘कॅथलिक चर्चमध्ये पियानो चालत नाही’ या समजुतीचं मूळ इथे आहे. पण हा आदेश ज्या काळात निघाला तो पाहायला हवा. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या चर्चमधलं संगीत ऑपेराच्या वळणावर गेलं होतं आणि आदेशाची तक्रार मुख्यतः त्या नाटकी थाटाविरुद्ध होती. पियानो हे तेव्हा दिवाणखान्याचं आणि रंगमंचाचं वाद्य म्हणून ओळखलं जात होतं, म्हणून तो त्या तडाख्यात सापडला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचं संविधान मंजूर केलं. त्यात पाइप ऑर्गनला मोठा मान कायम ठेवला आहे, आणि उपासनेला साजेशी इतर वाद्यंही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील असं म्हटलं आहे. १९०३ ची मनाई आठवणीत राहते आणि १९६३ ची ही मोकळीक विसरली जाते, हे खटकणारं आहे.

दोन्ही वाद्यांमध्ये वैर असल्याचा समज तर त्यांच्या कारागिरांनाच मान्य झाला नसता. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पियानो घडवला. जर्मनीत ते काम पुढे नेणाऱ्यांत गॉटफ्रीड झिल्बरमान हा होता, आणि फ्रायबेर्गच्या कॅथीड्रलमधला १७१४ सालचा प्रसिद्ध ऑर्गन बांधणाराही तोच. ऑर्गनवादनाचा मेरुमणी मानला जाणाऱ्या योहान सेबास्टियन बाखने झिल्बरमानच्या सुरुवातीच्या पियानोत खोट काढली. वरचे स्वर दुबळे आहेत आणि पट्ट्या दाबायला जड आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. झिल्बरमानने वाद्यात सुधारणा केल्या. १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या दरबारात बाखने झिल्बरमानचेच पियानो वाजवले.

मग निवड कशावर करायची? सूर निघतो कसा, यावर.

ऑर्गनची पट्टी दाबली की नळीत हवा शिरते आणि बोट उचलेपर्यंत सूर तितकाच भरलेला राहतो. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फरक पडत नाही. तो फरक कोणत्या नळ्यांचे स्टॉप ओढले यावर, किंवा नळ्या ज्या पेटीत असतात तिच्या झडपा पायाने उघडण्या-मिटण्यावर ठरतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते, आणि सूर जन्मतो त्याच क्षणापासून विरायला लागतो. पण बोटाच्या जोराप्रमाणे तो लहानमोठा होतो आणि प्रत्येक आघात स्पष्ट कळतो.

याचा परिणाम गाण्यावर कसा होतो ते एका चालीवरून नेमकं दिसतं. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही १५५१ च्या जिनिव्हा स्तोत्रसंग्रहातली चाल जगभर गायली जाते. तिचे पहिले दोन स्वर एकच आहेत. पहिली ओळ ज्या स्वरावर संपते, त्याच स्वराने दुसरी सुरू होते, आणि तो लागोपाठ तीनदा येतो. पियानोवर हे स्वर आपोआप सुटे ऐकू येतात, मंडळीला लय हातात धरता येते. ऑर्गनवर मात्र वादकाने प्रत्येक वेळी नेमकं बोट उचललं नाही, तर तीन स्वरांचा एक लांब स्वर होतो आणि मागच्या बाकांवरचे लोक कुठे शब्द टाकायचा या संभ्रमात पडतात. उलट ओळीच्या शेवटचा लांब स्वर पियानोवर विरतो आणि दबकत गाणारे लोक गप्प होतात. ऑर्गन तो शेवटपर्यंत धरून ठेवतो, आणि ज्याला स्वतःच्या गळ्याची खात्री नाही त्यालाही आधार देतो. शेकडो लोकांचं एकत्र गाणं ऑर्गनवर इतकं भरीव का वाटतं, याचं कारण मुख्यतः हे आहे.

म्हणूनच ‘पियानो येतो त्याला ऑर्गन येतोच’ हा गैरसमज सगळ्यांत नुकसान करणारा आहे. पियानोवादक सूर जोडायला उजव्या पायाच्या पेडलवर विसंबतो, आणि ऑर्गनवर ते पेडल नाही. तिथे पट्टी न सोडता बोट बदलावं लागतं, खालचे स्वर दोन्ही पायांनी वाजवावे लागतात, आणि मंडळी श्वास घेते तिथे हात उचलावे लागतात. उलट चांगला ऑर्गनवादक पियानोवर बसून फक्त स्तोत्रपुस्तकात चार आवाजांसाठी छापलेले चार सूर वाजवत राहिला, तर साथ सुकी वाटते. एखाद्या तरुण पियानोवादकाला न शिकवता ऑर्गनवर बसवायचं आणि मग ‘ऑर्गनमुळे गाणं रेंगाळतं’ म्हणायचं, हा वाद्यावर आणि त्या मुलावर दोघांवरही अन्याय आहे.

‘ऑर्गन म्हणजे मोठा आवाज’ हेही तितकंसं खरं नाही. एका बासरीसारख्या स्टॉपवर तो पियानोपेक्षा हळुवार वाजतो. मोठेपणाहून महत्त्वाची असते ती इमारत. दगडी भिंती आणि उंच छत असलेल्या वास्तूत सूर घुमतो, तिथे ऑर्गन खुलतो आणि पियानोच्या जलद हरकतींचा गलबला होतो. जाड गालिचा, पडदे आणि बुटकं छत असलेल्या सभागृहात ऑर्गन कोरडा पडतो आणि पियानो स्वच्छ ऐकू येतो.

‘ऑर्गन जुन्यांचा, पियानो तरुणांचा’ हे विधान अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चच्या इतिहासापुढे टिकत नाही. ब्लूज वाजवणारा पियानोवादक टॉमस डॉर्सी १९३२ मध्ये शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायकवृंदाचा प्रमुख झाला आणि गॉस्पेल संगीताला पियानोने नवी चाल दिली. १९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंडचा विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आला. पाइप ऑर्गनचा सगळा स्वरविलास त्यात आहे, या जाहिरातीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आक्षेप घेतला. त्या प्रकरणात शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये दोन्ही वाद्यं लपवून वाजवून दाखवली गेली, तेव्हा जाणकारांचेही बरेच अंदाज चुकले. तरीही १९३८ मध्ये कंपनीला ते दावे थांबवायला सांगण्यात आलं. पुढे गॉस्पेल चर्चमध्ये हॅमंड आणि पियानो शेजारी-शेजारी वाजू लागले. पियानोने ठेका आणि हॅमंडने भरणा द्यायचा, अशी वाटणी झाली आणि तीच शैली जगभर गेली.

नाताळातली एक लाडकी दंतकथाही इथे तपासायला हवी. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फमध्ये १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ‘सायलेंट नाइट’ गिटारवर गायलं गेलं, असं सांगतात. गिटार खरी आहे. उंदरांना मात्र पुरावा नाही. चाल बांधणाऱ्या फ्रांत्स ग्रूबरने १८५४ मध्ये गीताच्या जन्माची हकिगत लिहिली, तिच्यात बिघडलेल्या ऑर्गनचा उल्लेखच नाही. गिटार ही केवळ अडचणीतली सोय होती, असं धरून चालायला काही आधार नाही.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘ऑर्गन’ म्हटलं की बालगंधर्वांच्या नाटकांतली साथ येते. तो पायाने भाता मारून वाजवायचा, धातूच्या पातळ पट्ट्यांवर बोलणारा ऑर्गन. त्यात नळ्या नसतात. लहान प्रार्थनामंदिरांत हाच ऑर्गन किंवा हातपेटी असते, आणि तिला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. सूर धरून ठेवण्याचा गुण तिच्यातही आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगांची आणि कीर्तनाची वाट दिली. ती गीतं पेटी-तबल्यावर जशी उभी राहतात तशी चार सुरांच्या साथीवर राहत नाहीत. एका उपासनेत टिळकांचं गीत आणि भाषांतरित इंग्रजी स्तोत्र दोन्ही असतील, तर दोन्हींना एकाच वाद्यावर बसवण्याचा हट्ट कशाला?

कोकण, वसई, मुंबई, गोवा या पट्ट्यात हवामानही हिशेबात घ्यावं लागतं. पावसाळ्यात दमट हवेने पियानोच्या आतली लाकडी फळी फुगते, तारांचा ताण वाढतो आणि सूर चढतो. थंडीत कोरड्या हवेने तो उतरतो. पाइप ऑर्गनमध्ये उष्णतेने बहुतेक नळ्यांचा सूर चढतो, पण जिभलीच्या नळ्या मागे राहतात आणि दोघी एकमेकींशी जुळेनाशा होतात. स्वित्झर्लंडमधल्या सिओनच्या व्हालेर चर्चमधला ऑर्गन पंधराव्या शतकापासूनचा असून आजही वाजतो. अशी शतकांची सोबत त्याची निगा राखणारे जाणकार हात असले तरच मिळते. म्हणून वाद्य ठरवण्याआधी पंचांनी पियानो जुळवणारा किंवा ऑर्गन दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावापर्यंत वर्षातून किती वेळा येऊ शकतो, हे विचारून घ्यावं. मग मंडळीला एकदा कोणत्याही वाद्याविना गायला लावून तिचा आवाज कुठे खाली पडतो आणि लय कुठे सैल होते, ते सभागृहाच्या मागच्या बाकावर बसून ऐकावं.