पाळी जाते तेव्हा

पाळी सुरू होते तेव्हा आई, मावशी, आजी चार गोष्टी सांगतात. पाळी जाते तेव्हा मात्र कुणी काही सांगत नाही. म्हणून आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोश असतो. तिथे स्त्रीबीज पिकतं आणि इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. चाळिशीनंतर ते कमी होऊ लागतं. पाळी मागेपुढे होते, कधी दोन-दोन महिने चुकते. सलग १२ महिने आली नाही, की ती कायमची गेली असं समजायचं. आपल्याकडे बहुतेकींची पाळी ४५ ते ५० या वयात जाते. पाळी अधूनमधून येतेय तोवर दिवस राहू शकतात, हेही लक्षात असू द्या.

इस्ट्रोजेन कमी झालं की एकदम अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते. झोप नाही म्हणून चिडचिड होते, उगाच रडू येतं. योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळ होते. हे वेड नाही, बाहेरचं काही नाही आणि नाटकं तर नाहीतच. घरातल्यांनाही हे सांगा. त्रास फार असेल तर त्यावर औषधं आहेत, पण हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घेऊ नका.

न दिसणारे बदलही होतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर ठिसूळ होतात. साध्या पडण्यानं मनगट किंवा खुबा मोडतो. रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून रोज नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, दूध किंवा ताक यांतलं काहीतरी पोटात जाऊ द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. थोडा वेळ अंगावर ऊन घ्या, मिश्री-तंबाखू सोडा. उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "आता मुलं झाली, पिशवीचं काय काम?" असं म्हणून कितीतरी जणींची पिशवी काढली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर तिशीतल्या बाईलाही दुसऱ्याच दिवसापासून म्हातारपणाची हाडं होण्याची वाट लागते. बीजकोश ठेवले, तरी ते लवकर थकू शकतात. काही आजारांत ऑपरेशन खरंच लागतं. पण आधी तीन प्रश्न विचारा: मला नेमका आजार कोणता? गोळ्यांनी बरं होईल का? बीजकोश ठेवणार की काढणार? शिवाय सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

आणि एक खूण कधीच अंगावर काढू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. "पाळी परत आली" असं समजून थांबू नका. ती कॅन्सरची सुरुवात असू शकते आणि लवकर कळलं तर उपचार होतात.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की अर्धा तास या विषयाला द्या. आशाताईंनाही बोलवा. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीने आपल्याला काय होतंय ते बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं.