परक्या खोलीत बाळाची झोप

रात्री पावणेबाराला फोन वाजला की पोटात गोळाच येतो. २०२३ च्या डिसेंबरात तसाच वाजला. पलीकडे माझी भाची. त्याच दुपारी पुण्याहून महाबळेश्वरला गेलेली. बरोबर नवरा, सासूबाई आणि दीड वर्षाचा लेक. "मावशी, झोपली होतीस ना ग?" एवढंच ती बोलली आणि पुढचं मला ऐकूच येईना, कारण मागे चिरंजीवांनी टिपेचा सूर लावला होता.

हळूहळू हकीकत कळली. नऊपासून पोरगं झोपायचं नाव घेत नव्हतं. जावईबापू त्याला खांद्यावर टाकून व्हरांड्यात येरझारा घालून दमले होते. शेजारच्या खोलीतून भिंतीवर दोनदा ठोकून झालं होतं. मॅनेजर दाराशी येऊन "काही हवंय का?" असं फार सभ्यपणे विचारून गेला होता, त्याचा अर्थ काय तो तिला समजला. पण फोन त्यासाठी नव्हता. सासूबाईंच्या पिशवीत सर्दीच्या औषधाची बाटली होती. "त्यानं जरा गुंगी येते म्हणतात. अर्धा चमचा देऊ का ग?"

"थेंबसुद्धा देऊ नकोस," मी म्हटलं. म्हणून आधी तेच सांगते, बाकीचं मागाहून.

सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांत क्लोरफेनिरामाइनसारखं गुंगी आणणारं औषध असतं. ते झोपेचं औषध नव्हे. काही मुलं तर त्यानं झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात. त्याच डिसेंबरात देशाच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना बाटलीवर छापावी, असं बजावलं. घाट लागू नये म्हणून लोक प्रोमेथाझिन देतात. त्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ सालीच सक्त इशारा दिला आहे, की दोन वर्षांखालच्या मुलाला ते नकोच. श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. पूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन जात. त्या बिचाऱ्यांचा नाइलाज होता. आपला नाही.

बाटली परत पिशवीत गेली. सासूबाई थोड्या नाराज झाल्या असाव्यात, पण त्यांचंही मन नातवासाठीच तुटत होतं, हे विसरून चालणार नाही.

बिघडलं कुठे?

मग मी भाचीला दिवसाचा हिशोब विचारला. एक वाजता पुणं सोडलं. सुरूरच्या फाट्याला गाडी वळली आणि बाळानं मान टाकली, ती थेट महाबळेश्वरला पोचेपर्यंत. वाई गेली, पसरणीचा घाट गेला, पाचगणी गेली, सगळे कौतुकानं म्हणत होते, "किती शहाणं ग बाळ!" पावणेसहाला त्याला उठवला. लगेच बाजारात, स्ट्रॉबेरी झाली, घोडे बघून झाले, साडेनऊला जेवण.

आता दीड वर्षाच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते, आणि त्यात दुपारची झोप धरलेली असते. (चार महिन्यांपासून वर्षापर्यंत बारा ते सोळा, तिनापासून पाचापर्यंत दहा ते तेरा.) संध्याकाळी पावणेसहापर्यंत झोपलेलं मूल नवाला कसं झोपणार? आणि साडेदहा-अकरापर्यंत ताणलं की ते दमण्याच्या पलीकडे जातं. डोळे चोळतं, पण अंग ताठ करतं. त्या अवस्थेतलं मूल शांत करणं सगळ्यात कठीण. म्हणून गाडी सकाळी लवकर काढावी, किंवा दुपारच्या झोपेच्या वेळेलाच काढावी, आणि चारनंतर गाणी म्हणून, खिडकीतली माकडं दाखवून, काहीही करून जागं ठेवावं. सहलीचा कार्यक्रम पुरुषमंडळी ठरवतात तेव्हा त्यात हा हिशोब नसतो, तो आपणच आधी सांगायला हवा.

दुसरं कारण परकी खोली. मोठ्या माणसांनाही नव्या ठिकाणी पहिल्या रात्री धड झोप लागत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की अशा पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू दुसरीइतकी गाढ झोपत नाही, कानोसा घेत पहारा देत राहते. आपल्याला निदान ठाऊक असतं की हे हॉटेल आहे, उद्या-परवा घरी जायचंय. बाळाला कोण सांगणार? त्याचं घर म्हणजे उशाशी येणारा ओळखीचा वास, डोक्यावरच्या पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज. इथे वास फिनेलचा, चादर कडक इस्त्रीची, आणि महाबळेश्वरला डिसेंबरात पंखा कोण लावतो? खोलीत चिडीचूप. त्या शांततेत पाण्याचा नळ टपकला तरी पोरगं दचकत होतं.

"त्याची गोधडी कुठाय?" मी विचारलं. गोधडी गाडीच्या डिकीत! आजीच्या जुन्या लुगड्यांची, जन्मल्यापासूनची. जावईबापू स्वेटर चढवून खाली गेले. तेवढ्यात मी तिला बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन लावायला सांगितला आणि दार अर्धवट लोटून ठेवायला. झाली घरच्यासारखी घरघर. दिवे बंद, मोबाइल बंद, सगळ्यांनी आडवं व्हायचं, कुणी "अले माझ्या सोन्या" करायचं नाही. तिनं गोधडीत घेऊन नेहमीच्याच लयीत थोपटायचं. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. एकला पाच कमी असताना तिचा निरोप आला, "झोपला."

खोली घेताना

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणत होती, आम्ही परतच येतो, अजून दोन रात्री हा तमाशा नको. मी म्हटलं, थांब, आधी खोली बदलून माग. त्यांची खोली जिन्यालगत, खालीच जेवणाचा हॉल. हॉटेलवाले बहुधा नाही म्हणत नाहीत, मागच्या अंगाची खोली रिकामी असली तर देतात. पण हे आरक्षण करतानाच फोनवर विचारलं तर सोपं. लिफ्टशेजारची नको, हॉलवरची नको. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: त्या तारखांना तुमच्या लॉनवर लग्न आहे का? लग्नसराईत बारापर्यंत बँड वाजला तर कुठलीच युक्ती चालत नाही.

आणि पलंग! हॉटेलचे पलंग उंच, कठड्यावाचून. उशा लावून बांध घातला तरी मूल त्यावरून गडगडतंच. आपला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जादा गादी मागवून जमिनीवर भिंतीपासून थोडी दूर घालणे. आई खाली बाळाशेजारी, पडण्याची भीती नाही, रात्रभर हात ठेवून निजायला नको. झोळीची सवय असलेल्यांना हॉटेलात झोळी टांगायचा मोह होतो. माझ्या एका जावेनं पडद्याच्या दांडीला साडी बांधली होती. तिनं आधी उशी घालून झोका दिला म्हणून बरं, दांडी भिंतीतल्या खिळ्यांसकट खाली आली.

वर्षाच्या आतलं मूल असेल तर मात्र नियम कडक आहेत. उताणंच निजवायचं, घट्ट गादीवर, उशी नाही, रजई नाही, मऊ खेळणी नाहीत. आईवडिलांच्या खोलीतच, पण त्याची गादी वेगळी. आपल्याकडे कुशीत घेऊन निजायची रीत आहे, ते मलाही ठाऊक आहे, माझी दोन्ही तशीच वाढली. पण घरची पातळ गादी आणि चादर वेगळी, आणि हॉटेलची रुतणारी गादी, त्यावर दोघांच्या मधे जाड रजई, ही वेगळी. तिथे तान्ह्याचं नाक कधी झाकलं जाईल ते दमलेल्या माणसाला कळत नाही. सोफ्यावर बाळ छातीशी घेऊन तर चुकूनही पेंगू नये. थंडीसाठी पांघरुणाऐवजी कपडे वाढवावेत: आत सुती झबलं, वर लोकरी, पायात मोजे. झोपताना कानटोपी काढावी, डोकं झाकलं तर अंग फार तापतं. हे वाक्य वाचून पुष्कळ आजेसासूबाई रागावतील, रागावू देत.

थंड हवेच्या ठिकाणी कुणी शेकायला शेगडी आणून देतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही निजू नये. तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतच माणसं जातात. खोलीत मच्छर असले तरी दारं-खिडक्या लावून कॉइल जाळण्यापेक्षा घरची घडीची मच्छरदाणी न्यावी. कोकणात, गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी तर ती हवीच.

पोचल्याबरोबर सामान सोडण्याआधी एकदा खोलीत बाळाच्या उंचीला बसून बघा. चहाच्या किटलीची लोंबती वायर, पडद्याची दोरी, गच्चीच्या दाराची कडी, कठड्याच्या गजांमधलं अंतर, आतून लागणारं बाथरूमचं दार. मग बाळालाही दिवसाउजेडी त्या खोलीत अर्धा तास रांगू-खेळू द्यावं. अंधारात पहिल्यांदा भेटलेली खोली त्याला भुतासारखी वाटते.

संध्याकाळ आपली ठेवा

दुसऱ्या दिवशी भाचीनं संध्याकाळ घरच्यासारखी केली. सूर्यास्ताच्या पॉइंटला बाकीचे गेले, ती आणि बाळ मागे राहिले. सातला खोलीत साधा भात मागवला, बरोबर नेलेलं तूप आणि मेतकूट. (मेतकुटाची डबी प्रवासात सोन्याची. हॉटेलचं पनीर दीड वर्षाच्या पोटाला रात्री जड जातं.) मग कोमट पाण्यानं अंग पुसलं, रात्रीचे कपडे, गोधडी, घरी म्हणते तीच अंगाई, तीही घरी म्हणते तितक्याच वेळा. हा क्रम महत्त्वाचा. खोली बदलली तरी क्रम तोच असला की मुलाला पुढचं काय ते कळतं. घरची चादर किंवा उशीचा अभ्रा न्यायचा तर न धुतलेला न्यावा. आपल्याला कसंसंच वाटतं, पण त्यालाच तर वास असतो.

साडेनऊला तो झोपला. रात्री दोनला एकदा उठला. तिनं दिवा लावला नाही, उचललंही नाही, मिनिटभर थांबून फक्त हात ठेवला आणि नेहमीचे दोन शब्द बोलली. परत झोपला. मात्र रडणं नेहमीसारखं नसेल, मूल सारखा कान ओढत असेल, अंग गरम लागत असेल, तर ही झोपेची गोष्ट नव्हे. जवळ मुलांचे डॉक्टर कुठे आहेत, ते पोचल्या दिवशीच काउंटरवर विचारून ठेवावं. मध्यरात्री विचारायची वेळ येऊ नये.

आता थोडं मोठ्यांविषयी. हॉटेलच्या एका खोलीत मूल नऊला झोपलं की मोठ्यांनी काय करायचं? टीव्ही लागतो, गप्पा रंगतात आणि पोरगं उठून बसतं. भाचीकडे सासूबाईंनी स्वतःहून पहिला तास पहारा पत्करला, जप करत अंधारात बसल्या. ही दोघं शाली घेऊन बाहेर व्हरांड्यात, लग्नानंतर किती तरी दिवसांनी नुसती बोलत बसली. आणि दोनची पाळी जावईबापूंची ठरली होती. ते उठले नाहीत ही गोष्ट वेगळी. तिनं सकाळी त्यांना तसं सांगितलं, आणि तिसऱ्या रात्री ते उठले. सहल सगळ्यांची आणि जागरण एकटीचं, ही वाटणी न बोलता होत जाते, म्हणून बोलावं लागतं.

घरी आल्यावरही एक-दोन रात्री मुलं बिथरतात, त्याला घाबरू नये. भाचीकडे तर चार रात्री रडारड झाली, पण त्याचं कारण निराळं होतं. गोधडी महाबळेश्वरलाच राहिली होती, हॉटेलच्या पांढऱ्या चादरींत गुंडाळली जाऊन थेट धुलाईला. सभ्य मॅनेजरांनी ती शोधून कुरियरनं पाठवली, स्वच्छ धुऊन, कडक इस्त्री करून. बाळानं हुंगली आणि फेकून दिली. तेव्हा निघताना अंथरुणं एकदा स्वतःच्या हातानं झटकून बघा.